स्कोपच्या काचांना झाकण कोणतं? पेनसिल्वेनियात पहिल्यांदा हरणामागे निघालेल्यांसाठी

पहिल्या सीझनला माझ्याकडे सगळं होतं. नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, थर्मासमध्ये आल्याचा चहा. रायफलवर ३-९×४० चा साधा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, होता आणि त्याच्या खोक्यात एक फुकटचं झाकण आलं होतं: दोन काळ्या वाट्या, मध्ये रबराचा पट्टा. फुकट मिळालंय तर चालेल की, म्हणून तेच लावून गेलो.

सकाळी बारीक गारांचा मारा सुरू झाला. आठच्या सुमारास ओढ्याच्या पलीकडून एक बक, म्हणजे नर हरीण, आला, साठ-सत्तर यार्डांवर थांबला. मी पट्टा ओढला. मागची वाटी निघाली. पुढची ओली वाटी मोज्यातून निसटली आणि रबर ताणलेलं असल्यामुळे स्कोपच्या नळीवर फट्‌कन आपटली. बकनं मान वर केली, शेपटीचा पांढरा झेंडा उभारला आणि दोन उड्यांत दिसेनासा झाला. पलीकडच्या झाडावर बसलेले शेजारी, वय वर्षं बहात्तर, दुपारी सँडविच खाताना म्हणाले, ‘‘सकाळी काय वाजलं रे?’’ मी म्हटलं, ‘‘झाकण.’’ ते बराच वेळ हसत होते.

तेव्हापासून हा विषय मी जरा मनावर घेतला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा प्रश्न मिटवला, त्यामुळे इथे येऊन हरणाच्या सीझनमध्ये उतरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना घरून काहीच शिकायला मिळालेलं नसतं. कोकणात कुणाच्या माळ्यावर ठासणीची बंदूक असेलही, पण तिच्यावर दुर्बीण कुठली! म्हणून हे सगळं अगदी पहिल्या पायरीपासून लिहितोय.

आणि त्याही आधीची एक पायरी. एच-वन-बी किंवा तसल्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुम्हाला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. हे वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको. पहिल्यांदा परवाना काढताना पेनसिल्वेनियात हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतोच. तो मन लावून करा.

पायरी १: रायफल रिकामी आहे, हे डोळ्यांनी आणि बोटानं पाहा

झाकण मोजायचं, बसवायचं म्हणजे बंदूक मांडीवर घेऊन तासभर उलटसुलट करायची. मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मुठीचा दांडा) उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोकावून पाहा आणि करंगळी घालून चाचपा. बोल्ट-अ‍ॅक्शन असेल तर बोल्ट काढूनच बाजूला ठेवा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत. ‘मला माहितीय, रिकामीच आहे’ हे वाक्य या कामात वापरायचं नाही.

पायरी २: मोजा, आणि नीट मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. स्कोपवर ३-९×४० लिहिलेलं असतं. त्यातला ३-९ म्हणजे झूम, तीन पट ते नऊ पट. ४० हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. लोक तो आकडा पाहून चाळीसचं झाकण मागवतात आणि मग ते बसत नाही. झाकण बसतं ते भिंगाभोवतीच्या धातूच्या कड्यावर, आणि त्या कड्याचा बाहेरचा व्यास भिंगापेक्षा सहा-आठ मिलिमीटरनं तरी मोठा असतो. दोन कंपन्यांच्या ‘चाळीस’च्या स्कोपमध्येही तो सारखा नसतो. दाबून बसवायच्या झाकणांचे आकार तर कधीकधी मिलिमीटरच्या अंशानं बदलत जातात, त्यामुळे ‘साधारण एवढंच असेल’ इथे चालत नाही.

व्हर्नियर असेल तर प्रश्नच नाही. फक्त प्लॅस्टिकच्या जबड्यांचा वापरा, किंवा धातूच्या जबड्यांवर टेप चिकटवा, म्हणजे कड्यावर ओरखडा पडणार नाही. व्हर्नियर नसेल तर कागदाची अर्धा इंच रुंदीची पट्टी कापा, कड्याभोवती घट्ट गुंडाळा, जिथे कागदावर कागद येतो तिथे टोकदार पेन्सिलनं रेघ मारा. पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि ३.१४ नं भागा. माझ्या स्कोपची पट्टी १४९ मिलिमीटर भरली, भागाकार ४७.४ आला. ही गंमत लक्षात घ्या: पट्टी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तरी व्यासात फक्त एक तृतीयांश मिलिमीटरचाच फरक पडतो. फूटपट्टी आडवी धरून ‘सत्तेचाळीस दिसतंय’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी खरं. दोरा मात्र वापरू नका, तो ताणला जातो.

डोळ्याकडच्या बाजूचं माप वेगळं घ्यायचं. पुढचं आणि मागचं झाकण ही दोन वेगळी मापं, बहुतेक वेळा दोन वेगळी पाकिटं. रेडफिल्डचा जुना वाइडफिल्ड स्कोप कुणी भेट दिला असेल, तर त्याची मागची काच जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखी, रुंदट आहे. तिथे गोल झाकण बसवायचा प्रयत्नच करू नका.

पूर्ण स्कोपला घालायची निओप्रीनची खोळ घेणार असाल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबीही लिहून ठेवा.

पायरी ३: चार जातींतून आपली जात ओळखा

पहिली, माझी ती फट्‌वाली. दोन वाट्या, एक रबर. याला इथे बिकिनी कव्हर म्हणतात (नाव मी ठेवलेलं नाही). दहा-पंधरा डॉलर, हलकं, मापाची फारशी कटकट नाही. गाडीतून नेताना, कपाटात ठेवताना उत्तम. जंगलात मात्र ते काढावं लागतं, मग ठेवायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि मोज्यातल्या बोटांनी ते आवाज न करता काढणं ही एक कलाच आहे. पारदर्शक वाट्यांचाही प्रकार मिळतो, ‘घाई असेल तर त्यातूनच मारा’ म्हणून. मला तो पटत नाही. पेनसिल्वेनियात सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी वेळ धरतात, आणि हरणं नेमकी त्या दोन अर्ध्या तासांत हलतात. त्या उजेडात चांगल्या काचेसाठी आपण चारशे डॉलर मोजतो आणि तिच्यापुढे प्लॅस्टिकचा पापुद्रा धरतो! त्यावर थेंब असले तर समोर राखाडी धुकं. समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री असल्याशिवाय चापावर बोट जायचं नाही, आणि ती खात्री धुक्यातून होत नाही.

दुसरी, निओप्रीनची खोळ किंवा गवसणी. अख्खा स्कोप झाकते, टरेटसकट (नेम जुळवायच्या फिरत्या बोंडांसकट). पिकअपच्या मागच्या सीटवर रायफल असताना, केसमध्ये ठेवताना याच्याइतकं चांगलं काही नाही. स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) बसल्यावर ती काढून खिशात. पण ओल धरते. भिजलेली खोळ तशीच घालून रायफल कपाटात ठेवली, तर टरेटच्या खाचांत आणि स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या स्क्रूंवर आठवड्याभरात तांबूस डाग दिसतील.

तिसरी, फ्लिप-अप, म्हणजे बिजागरीवर उघडणारं झाकण. बटण दाबलं की टपकन वर. बटलर क्रीकचं नाव तुम्हाला पहिल्याच दुकानात ऐकू येईल. व्होर्टेक्सची डिफेंडर नावाची झाकणंही खूप दिसतात. प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-वीस डॉलर. ही घर्षणावर बसतात, म्हणून पायरी २ मधलं माप इथे कळीचं.

चौथी, आट्यांवर बसणारी. पुढच्या कड्याच्या आतून सनशेडसाठी (ऊन अडवायच्या जोडनळीसाठी) आटे असतात, त्यात फिरवून बसवायची. ल्यूपोल्डची अ‍ॅल्युमिना आणि टेनेब्राएक्सची झाकणं या जातीतली. मजबूत, देखणी, आणि महाग. एकाच पन्नास मिलिमीटरच्या दोन कंपन्यांच्या स्कोपचे आटे एकमेकांना बसतीलच असं नाही, म्हणून स्कोपचं पूर्ण मॉडेल सांगूनच मागवा. आणि शिकारी स्कोपला डोळ्याकडे असे आटे बहुतेक वेळा नसतात, तेव्हा मागची बाजू वेगळ्या पद्धतीनं सोडवावी लागते.

पहिल्या वर्षीच्या माणसाला माझा सल्ला: पुढे फ्लिप-अप, गाडीसाठी निओप्रीन, आणि मागच्या बाजूचा निर्णय पुढची पायरी वाचून. दोन्ही बाजूंना एकच जात हवी हा हट्ट सोडा. पुढच्या काचेचा शत्रू पाऊस आणि बर्फ आहे, मागच्या काचेचा शत्रू बहुतेक वेळा तुमचाच श्वास आहे.

आमच्या शेजारबाबांकडे यातलं एकही नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा त्यांनी लांबीनं चिरून स्कोपच्या दोन्ही काचांवरून ताणून ठेवलाय. बोटानं ढकलला की तो मऊपणे उडून खाली पडतो, आवाज शून्य. हरवला तर हरवला. मी हे करून पाहिलं. थंडीत रबर कडक होतं आणि निघायला वेळ लागतो. पण मी त्यांना शिकवायला जात नाही, त्यांच्या फ्रीजरमध्ये हरणाचं मांस आहे, माझ्या फ्रीजरमध्ये भोपळा.

पायरी ४: बोल्ट, नळी आणि झूम यांना धक्का लागतो का?

झाकणाचं वजन नगण्य, पण जाडी नगण्य नाही. मागचं झाकण बसवलं की डोळ्याकडचा भाग सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर फुगतो. रेमिंग्टन ७०० चा बोल्ट ९० अंश वर उचलावा लागतो, टिक्का टी३ चा ७०, ब्राउनिंग एक्स-बोल्टचा ६०. जितका जास्त कोन तितकी मूठ स्कोपच्या जवळ. रिंगा बुटक्या असतील तर बोल्टची मूठ किंवा तुमच्या बोटांची पेरं झाकणावर आदळतात. दुकानात उभ्या-उभ्या हे कळत नाही. घरी, हातमोजे घालून, रिकाम्या रायफलचा बोल्ट दहा वेळा वेगानं मागेपुढे करून बघा. झाकण कुठल्या दिशेला उघडायचं तेही इथेच ठरतं: उजव्या हातानं बोल्ट चालवणाऱ्यानं मागचं झाकण उजवीकडे उघडू नये.

मार्लिन ३३६ सारखी लिव्हरची (खालची दांडी ओढून काडतूस भरायची) रायफल असेल तर अडचण वेगळी. तिचा घोडा नेमका स्कोपच्या शेपटीखाली असतो. अंगठा आधीच अवघडलेला, त्यात मागचं झाकण. या बंदुकांसाठी घोड्याला बाजूला जोडायचा छोटा खुंटा मिळतो, तो आधी लावा. मी तर लिव्हरवर मागच्या बाजूला झाकण लावतच नाही. इथल्या जुन्या लोकांच्या लाडक्या रेमिंग्टनच्या पंप ७६० ला ही कुठलीच कटकट नाही. त्या बंदुकीवर लोक एवढे खूश का आहेत, ते अशा बारीकसारीक गोष्टींतून कळतं.

आता पुढे. पन्नास मिलिमीटरचा स्कोप बुटक्या रिंगांवर असेल, तर पुढचं कडं बंदुकीच्या नळीला जेमतेम न टेकता उभं असतं. त्यावर झाकणाची जाडी चढली की ते नळीला टेकतं. नळीला काहीही टेकलं की गोळी सुटताना तिची थरथर बदलते आणि नेम हलतो. परीक्षा सोपी आहे: झाकण बसवल्यावर नळी आणि झाकण यांच्यामधून एक व्हिजिटिंग कार्ड सरकवा. न अडकता गेलं पाहिजे. अडकलं तर उंच रिंगा घ्या, नाहीतर पुढचं दाबून बसणारं झाकण विसरा आणि आट्यांचं घ्या, कारण ते कड्याच्या आतून बसतं.

झूमचं एक लफडं आहे, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. काही स्कोपमध्ये झूम फिरवताना फक्त कडं फिरतं, काहींमध्ये अख्खा डोळ्याकडचा भागच फिरतो. नाइटफोर्सचा एनएक्सएस हे त्याचं उदाहरण. अशा स्कोपवर मागचं झाकण ३ वर असताना सरळ वर उघडतं आणि ९ वर नेलं की कलंडून बोल्टच्या वाटेत येतं. तुमचा स्कोप तसा असेल तर ज्या झूमवर तुम्ही बसता (जंगलात तो ३ किंवा ४ च असू दे), त्या झूमवर झाकण सरळ उघडेल असं बसवा. ज्या स्कोपमध्ये पुढच्या कड्यावरच अंतराचं सेटिंग फिरतं, तिथेही हेच: झाकण बसवताना ते कडं फिरतं आणि आकडे झाकले जातात.

पायरी ५: बसवताना

दाबून बसवायचं झाकण थंड असताना बसवायला गेलात तर नखं तुटतील. गरम पाण्याच्या वाटीत ते दोन मिनिटं बुडवा, पुसा, आणि सरळ न ढकलता किंचित पिळत-पिळत चढवा. सैल वाटलं तर कड्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा घाला. फेविक्विकच्या नातेवाइकांना मात्र इथे बोलवू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते.

पुढचं झाकण सरळ वर उघडलं तर ते स्कोपवर उभ्या झेंड्यासारखं दिसतं आणि फांदीत अडकतं. उजव्या हाताच्या माणसानं ते डावीकडे, घड्याळातल्या दहाच्या दिशेला उघडेल असं ठेवलं तर बरं. उघडल्यावर ते पूर्ण मागे झोपतं का हेही पाहा. अर्धवट उभं राहत असेल तर कमी झूमवर चित्राच्या कडेला काळी सावली दिसते.

मागचं झाकण बसवल्यावर डोळा आणि स्कोप यांतलं अंतर पुन्हा तपासा. शिकारी स्कोपमध्ये ते साडेतीन इंचांच्या आसपास असतं, त्यातले काही मिलिमीटर झाकणाच्या कडेनं खाल्ले. धक्क्याच्या रायफलीवर, चढावर निजून नेम धरताना, भुवई फुटते ती याच काही मिलिमीटरांपायी.

हे सगळं झालं की रेंजवर जाऊन तीन गोळ्यांचा एक गट मारा. झाकणानं नेम बदलायला नको. बदलला तर काहीतरी कुठेतरी टेकतंय. झाकणं धक्क्यानं आपोआप मिटत नाहीत ना, तेही तिथेच कळेल.

पायरी ६: मोजे घालून सराव

फ्लिप-अपची कमाई इथे आहे आणि हेच लोक टाळतात. रात्री दिवा मालवून, शिकारीचेच हातमोजे घालून, रिकामी रायफल मांडीवर घ्या. अंगठ्यानं मागचं, तर्जनीनं पुढचं. बटण दाबताना झाकणावर दुसरं बोट ठेवायचं आणि ते बोटाच्या आधारानं सावकाश वर न्यायचं. सोडून दिलं तर स्प्रिंगचा ‘टक्’ येतो. दिवाणखान्यात तो ऐकूही येत नाही. वारा पडलेल्या सकाळी, वाळलेल्या ओकच्या पानांत, तो चमच्यानं ताटली वाजवल्यासारखा वाटतो. मी गेल्या वर्षी झाकणाच्या कडेला आतून मोलस्किनचा पातळ तुकडा चिकटवला, जो पायाला फोड येऊ नये म्हणून औषधाच्या दुकानात मिळतो. आवाज निम्म्यावर आला.

आणि एक साधी गोष्ट. हरीण दिसल्यावर झाकण उघडायचं नसतं. पाऊस, बर्फ किंवा श्वासानं काच धुरकटेल अशी थंडी नसेल तर उजाडायला लागलं की दोन्ही झाकणं उघडून बसा. झाकण झाडावर चढताना, उतरताना, चालताना आणि हवा बिघडल्यावर लागतं. रायफल दोरीनं वर ओढताना ती रिकामीच हवी, आणि झाकणं बंद. सालीचा चुरा थेट काचेवर पडतो तो याच वेळी.

हरीण आहे की माणूस, हे शोधायला मात्र स्कोप नाही, गळ्यातली दुर्बीण. स्कोपनं ज्याच्याकडे पाहाल त्याच्याकडे नळीही वळलेली असते. रायफलच्या हरण-सीझनमध्ये अंगावर २५० चौरस इंच नारिंगी घालायची सक्ती आहे ती उगाच नाही.

पायरी ७: वाफ, ओल, आणि घरी आल्यावर

चांगल्या स्कोपमध्ये आत नायट्रोजन किंवा आर्गन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. बाहेरून मात्र कुठलाही स्कोप धरतो. पहाटे उणे पाचात गालाला रायफल लावली, मफलर नाकावर असला, की श्वास सगळा वर, थेट मागच्या काचेवर. म्हणून अशा थंडीत मात्र मागचं झाकण शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवण्यात अर्थ आहे, आणि मफलर नाकाखाली. काच धुरकटली तर टोपीच्या टोकानं पुसू नका. मायक्रोफायबरचा कपडा आतल्या, कोरड्या खिशात ठेवा. बर्फाची भुकटी आधी फुंकून घालवावी हे खरं, पण तोंडानं फुंकलं की परत वाफ. रबराचा छोटा फुगा वापरा, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो.

घरी आल्यावर उलटा खेळ. थंडगार रायफल उबदार घरात आणली की थंड ताकाच्या पेल्यासारखी बाहेरून पाझरते. केसमध्ये, बंद, गॅरेजमध्ये तासभर कुलुपात ठेवा, मग आत आणा. आत आल्यावर झाकणं आणि खोळ काढून वेगळी वाळवा. झाकणाच्या आतल्या कडेला थेंब लपतात. तिथे कपड्याचं टोक फिरवा.

नळी साफ करताना मात्र झाकणं लावूनच ठेवा. ब्रशवरून उडणारं सॉल्व्हंट काचेच्या लेपावर बसलं की काढताना जीव जातो. काच साफ करायचा क्रम: आधी फुगा, मग मऊ ब्रश, मग भिंगासाठीच्या द्रवाचा एक थेंब कपड्यावर, मधून कडेकडे गोल. खिडक्या पुसायचं अमोनियावालं निळं पाणी नको, शर्टाचं टोक नको, थुंकी तर नकोच.

सीझन संपला की दाबून बसवलेली झाकणं काढा, बिजागरीची पिन ढिली झालीय का बघा. प्लॅस्टिकची बिजागरी कडाक्याच्या थंडीत आधी पांढरी पडते, मग चिरते, आणि चिरते ती नेहमी सीझनच्या पहिल्या सकाळी. मागच्या बाजूचं एक जादा झाकण माझ्या सॅकच्या कोपऱ्यात असतं, त्यावर मार्करनं ‘४३.२’ असं माप लिहून ठेवलंय, कारण दुकानात उभं राहिल्यावर तो आकडा मला दर वर्षी विसरायला होतो.